कुलपातलं स्फुरद आणि पायाखालची बुरशी



गिरावीन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी उभं राहतं ते तिथलं सिलेक्टिव्ह हायस्कूल! मुलांच्या परीक्षा, ट्यूशन, शनिवार-रविवारची धावपळ... पण या नावाचा मूळ अर्थ आहे 'फुलांची जागा'. इथल्या आदिवासी भाषेतला शब्द आहे तो. आणि या फुलांच्या जागेत घर घेऊन परसात तुकडाभर जमीन हाती आली की आपली माणसं काय करतात हे सांगायला नकोच. कढीपत्ता, मेथी, मिरच्या, टोमॅटो, कोपऱ्यात अळू आणि तुळस. आम्ही गिरावीन, टुंगॅबी, पेंडल हिल भागातली काही घरं अशीच बागेच्या नादाने एकत्र आलो. रोपांची देवाणघेवाण होते, चहा होतो, आणि खतांवरून वाद होतात. सगळ्यात जास्त वाद स्फुरदावरून, म्हणजे फॉस्फरसवरून.

वाद साधारण असा असतो. एक बाजू म्हणते, इथली माती मुळातच भुकेली, सुपरफॉस्फेट ओतल्याशिवाय काही येणार नाही. दुसरी बाजू म्हणते, स्फुरद मातीत भरपूर आहे, ते फक्त अडकलेलं आहे, बुरशीची पावडर आणून टाका, ती सोडवून देईल. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. म्हणूनच या वेळी त्यावर जरा सविस्तर लिहायचं ठरवलं. ज्यांची गावाकडे अजून शेती आहे त्यांनाही हे कामाचं आहे. तिकडे डीएपीची पन्नास किलोची पिशवी सबसिडी धरूनही १३५० रुपयांना पडते, आणि त्यातला बराचसा माल जमीनच गिळून बसते.

आधी कुलूप कसं लागतं ते पाहू.

नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकाच्या खाण्यातली त्रिमूर्ती. त्यातला नत्र हवेतून येतो, पाण्याबरोबर वाहून जातो, जागा बदलत राहतो. स्फुरद मात्र हट्टी. ते मुळात येतं खडकातून. खडकात ते मुख्यतः ॲपेटाइट नावाच्या खनिजात असतं, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं एक घट्ट लग्न! आपले दात आणि हाडं याच कुळातल्या खनिजाची बनलेली असतात. दात दिवसभर ओले असतात, पण विरघळत नाहीत. तेच गोडधोड खाल्लं, तोंडातल्या जंतूंनी त्या साखरेचं आम्ल केलं, की दाताला खड्डा पडतो. एवढं एक लक्षात ठेवलंत तर पुढचं सोपं आहे. बुरशी मातीतल्या ॲपेटाइटचं जे करते ते दातकिडीचंच काम. फरक इतकाच की इथे आपल्याला ती कीड हवी असते.

झाडाचं मूळ दगड खात नाही. पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट तेवढंच त्याला घेता येतं. आणि मातीतल्या पाण्यात ते किती असतं? एक हेक्टर जमिनीच्या वरच्या थरात एकूण स्फुरद शेकडो किलो असतं, चांगल्या जमिनीत हजार किलोच्याही वर. पण कोणत्याही एका क्षणी विरघळलेलं स्फुरद बहुतेक वेळा एक किलोसुद्धा भरत नाही. बँकेत कोटी रुपये आणि खिशात सुटे दोन, अशी गत! त्यातून ते मातीत सरकतंही फार हळू. मूळ आपल्या आसपासचं एक-दोन मिलिमीटरमधलं फॉस्फेट शोषून घेतं आणि मग उपाशी बसतं, कारण पुढचं येऊन पोचायला फार वेळ लागतो.

मग खत घातलं तर? सुपरफॉस्फेट म्हणजे खडकातलंच फॉस्फेट, गंधकाच्या आम्लाने फोडलेलं. इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते पाण्यात छान विरघळतं. पण मातीत पडलं की काही दिवसांतच पुन्हा पकडलं जातं. आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, चुनखडीच्या मातीत कॅल्शियम धरतं. पहिल्या हंगामात पीक खतातल्या स्फुरदापैकी साधारण दहा ते पंचवीस टक्केच घेतं. बाकीचं वाया गेलं असं नाही, ते जमिनीच्या खात्यात जमा होतं आणि पुढे थोडं थोडं सुटतं. पण शेतकऱ्याला पैसे या वर्षी मोजायचे असतात.

आता तीन माती शेजारी ठेवून बघा.

पहिली आपली देशावरची काळी माती. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली, विम्लधर्मी, आणि पुष्कळ ठिकाणी खाली पांढरी चुनखडी. इथे स्फुरदाचा सावकार म्हणजे कॅल्शियम. दुसरी कोकणातली तांबडी जांभ्याची माती. हजारो पावसाळ्यांनी धुऊन काढलेली, आम्लधर्मी, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली. इथे सावकार वेगळा आणि जास्त कडक. तिसरी आपल्या गिरावीनची. सिडनीच्या पश्चिमेचा हा सपाट भाग शेल नावाच्या चिकणमातीच्या खडकावर बसलेला आहे. त्यातून झालेली माती चिकट, पाणी धरून ठेवणारी, साधारणपणे आम्लधर्मी आणि मुळात कमी कसाची. म्हणजे स्वभावाने ती विदर्भ-मराठवाड्यापेक्षा कोकणाला जवळची. गंमत म्हणजे शेजारीच प्रॉस्पेक्ट हिल आहे. ती टेकडी डोलेराइटची, म्हणजे जमिनीखाली थिजलेल्या लाव्ह्याची, बेसाल्टची चुलत बहीणच. घाटावरच्या माणसाला तिथला दगड बघून घरची आठवण यावी!

इथली माती किती लवकर दमते याचा दाखला आपल्या दाराशीच आहे. १७९१ मध्ये कैद्यांकडून कसून घ्यायला टुंगॅबीला सरकारी शेती सुरू झाली. गहू-मका घेऊन घेऊन दहा वर्षांच्या आत जमिनीचा कस उतरला आणि १८०१ पासून नवी सरकारी शेती कॅसल हिलला उभी करावी लागली. त्याआधी याच जमिनीवर ग्रे बॉक्स आणि फॉरेस्ट रेड गम या निलगिरीच्या जातभाईंचं रान हजारो वर्षं उभं होतं, एक चमचा खत न घालता. ते कसं जगलं? एकट्याच्या बळावर नक्कीच नाही. मुळांशी बुरशी होती.

बुरशी म्हटलं की आपण नाक मुरडतो. पावावरची, लोणच्यावरची, पावसाळ्यात चपलांवरची. पण एक ओळखीची बुरशी घ्या. कांदा सोलताना बाहेरच्या सालीवर काळी भुकटी दिसते ना? ती ॲस्परजिलस नायजर. आपण नळाखाली धुतो आणि विसरतो. हीच बुरशी साखरेवर वाढवली की ढीगभर सायट्रिक ॲसिड तयार करते. जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये त्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून सरबतात, जॅममध्ये आणि झटपट ढोकळ्यात आपण जे लिंबूसत्त्व घालतो ते लिंबातून कमी आणि या बुरशीतून जास्त येतं. आज जगातलं जवळपास सगळं सायट्रिक ॲसिड असंच बनतं. हीच मंडळी, म्हणजे ॲस्परजिलस आणि तिची बहीण पेनिसिलियम, मातीतही राहतात आणि तिथेही तीच आम्लं सोडतात.

पण नुसतं 'आम्ल सोडतं आणि दगड विरघळतो' एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. आम्ल दोन हातांनी काम करतं. एका हाताने ते हायड्रोजन देतं, त्याने ॲपेटाइटचा सांधा ढिला होतो. दुसऱ्या हाताने ते धातूला मिठी मारतं. ही मिठी जास्त महत्त्वाची. अळूचं उदाहरण देतो. अळू खाजतं कशामुळे? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कण्या असतात. बुरशी जे ऑक्झॅलिक आम्ल सोडते, ते मातीतल्या कॅल्शियमला धरून हाच पदार्थ बनवतं. तो पाण्यात विरघळत नाही, खडा होऊन बाजूला पडतो. मग कॅल्शियमच्या तावडीतलं फॉस्फेट आपोआप मोकळं होतं. सावकारालाच दुसरीकडे गुंतवून ठेवायचं आणि कर्जदाराला सोडवायचं, असा हा डाव!

कोकणासारख्या किंवा गिरावीनसारख्या मातीत डाव थोडा बदलतो. तिथे फॉस्फेट लोहाच्या गंजासारख्या कणांना चिकटलेलं असतं. नुसत्या आंबटपणाने तिथे फारसं हलत नाही. सायट्रेट आणि ऑक्झलेट त्या कणांवर फॉस्फेटच्याच खुर्चीवर जाऊन बसतात आणि त्याला उठवतात. गर्दीच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळवतात ना, तसं. एरवी ते लोहाला धरून सरळ पाण्यात ओढतात, म्हणजे खुर्चीच मोडते.

तिसरी युक्ती आम्लाची नाहीच. मातीतलं पुष्कळ स्फुरद सेंद्रिय रूपात असतं, पालापाचोळ्यात आणि बियांत. बियांमधलं स्फुरद फायटेट नावाच्या गाठीत बांधलेलं असतं. आपल्या डाळी आणि गव्हाच्या कोंड्यात असतं ते हेच. बुरशी फॉस्फेटेज आणि फायटेज ही विकरं सोडून ही गाठ सोडवते. ॲस्परजिलसचं फायटेज १९९१ पासून कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात घालायला विकलं जातं, कारण त्यांच्या पोटाला ती गाठ नीट सोडवता येत नाही.

दगडावर बुरशी चालते हे पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा उघडा. गोड्या मसाल्यातलं दगडफूल! ते फूल नाही आणि एकटी वनस्पतीही नाही. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे तो. या कुळातली मंडळी उघड्या कातळावर किंवा झाडाच्या सालीवर बसतात. कातळावर बसलेली दगडफुलं ऑक्झॅलिक आणि इतर आम्लं सोडून तो हळूहळू कुरतडतात. मातीचा पहिला थर तयार होण्यात त्यांचा हात आहे. आमटीला वास देणारी वस्तू डोंगरही झिजवते, हे कळल्यापासून आम्ही दगडफुलाकडे जरा आदराने बघतो.

आम्ल सोडायची कला बुरशीपुरतीच नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगायला नको. हिवाळ्यातल्या पहाटे हरभऱ्याच्या पानांवर आंब येते, फडकं फिरवून गोळा करतात ती. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. हरभऱ्याची मुळंही अशीच आम्लं मातीत सोडतात. तुरीची तर वेगळीच तऱ्हा. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत काम करणाऱ्या जपानी संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं की तुरीच्या मुळांतून पिसिडिक नावाचं आम्ल सुटतं आणि ते लोहात अडकलेलं फॉस्फेट सोडवतं. तुरीनंतरचं पीक बरं येतं यामागे नत्राबरोबर हेही एक कारण असू शकतं. आपल्या आज्यापणज्यांनी हरभरा-तूर फेरपालटात ठेवली ती उगीच नाही.

आणि इथली मूळची झाडं? बँक्सिया, ग्रेव्हिलिया, वाराटाह. यांनी बुरशीची साथ जवळजवळ सोडूनच दिली. बाटली धुवायच्या ब्रशसारखी दाट केसाळ मुळं फुटतात, काही दिवस ती एकदम सायट्रेटचा लोंढा सोडतात, मिळेल ते फॉस्फेट ओढून घेतात आणि मरून जातात. मेलबर्नच्या हेलन पर्नेल यांनी १९६० मध्ये या मुळांना 'प्रोटिऑइड' हे नाव दिलं. ही झाडं उपासाला इतकी सरावलेली आहेत की भरपूर स्फुरद मिळालं तर त्यांना 'पुरे' म्हणता येत नाही. जास्तीचं स्फुरद त्यांना विष होतं, पानं करपतात, झाड मरतं. तेव्हा ग्रेव्हिलियाच्या बुडाशी कोंबडीखत किंवा सुपरफॉस्फेट कधीही घालू नका. नर्सरीत 'नेटिव्ह' असं लिहिलेलं कमी फॉस्फरसचं वेगळं खत मिळतं, तेच वापरा.

मायकोरायझा हा शब्द मात्र अजून आलाच नाही. दुकानात पावडर मिळते ती याचीच, आणि गोंधळही इथेच होतो.

मायकोरायझा म्हणजे मूळ आणि बुरशी यांची भागीदारी. हा शब्द जर्मनीच्या फ्रांक यांनी १८८५ मध्ये वापरात आणला. झाड सूर्यावर साखर बनवतं, त्यातला काही भाग बुरशीला देतं. पाहणीत हा वाटा चार टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत सापडला आहे. बदल्यात बुरशी आपले तंतू मुळाच्या पलीकडे काही सेंटिमीटर पसरते आणि तिथलं फॉस्फेट आणून देते. मूळ जिथे दोन मिलिमीटरवर उपाशी बसलं होतं, तिथून पुढे हे तंतू जातात. ते इतके बारीक की मूळ कधी शिरणार नाही अशा फटीतही शिरतात. ग्रॅमभर चांगल्या मातीत असे काही मीटर तंतू सापडतात. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पती या भागीदारीत आहेत.

पण मिरची, टोमॅटो, कांदा, मका यांच्या मुळांतली ही बुरशी स्वतः दगड फारसा फोडत नाही. ती हमाल आहे, लोहार नाही. विरघळलेलं फॉस्फेट दुरून उचलून आणणं हे तिचं काम. दगड फोडतात त्या पेनिसिलियमसारख्या मोकळ्या बुरश्या, काही जिवाणू, आणि निलगिरी किंवा पाइनच्या मुळांना बाहेरून वेढणाऱ्या वेगळ्या जातीच्या बुरश्या. १९९७ मध्ये युरोपातल्या जंगलांतले खनिजाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना शास्त्रज्ञांना त्यांत तीन ते दहा मायक्रॉन जाडीचे बोगदे दिसले, आणि 'दगड खाणारी बुरशी' असं नाव गाजलं. पुढच्या अभ्यासात दिसलं की बोगद्यांमुळे सुटणारं अन्न एकूण हिशेबात थोडंच असतं. पृष्ठभागावर चालणारं कुरतडणंच जास्त मोठं काम करतं. नाव मात्र टिकलं. आकर्षक नावाचं असंच असतं.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा या घराण्याची मायकोरायझाशी भागीदारी होत नाही. पालक आणि बीटचंही तसंच. कोबीच्या वाफ्यात मायकोरायझाची पावडर टाकणं म्हणजे उपासाच्या माणसाला जेवणाचं ताट वाढणं!

आता पाकिटातल्या बुरशीकडे येऊ. १९४८ मध्ये रशियन संशोधिका पिकोव्हस्काया यांनी एक सोपी चाचणी दिली. काचेच्या बशीत न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट घातलेली दुधाळ जेली करायची आणि त्यावर सूक्ष्मजीव वाढवायचे. जो फॉस्फेट विरघळवेल त्याच्याभोवती पारदर्शक कडं उमटतं. चंद्राला खळं पडतं तसं. दिसायला इतकं सुंदर की जगभर हजारो प्रयोगशाळांत ही बशी पोचली. दिल्लीच्या पुसा संस्थेत १९६० च्या दशकात यावर काम झालं. आपल्याकडे राहुरीसारखी कृषी विद्यापीठं स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटं शेतकऱ्यांना देत आली आहेत. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. २००६ मध्ये केंद्र सरकारने ही जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली आणली, म्हणजे पाकिटात किती जिवंत जीव हवेत याला कायद्याचा आधार मिळाला. कॅनडात १९८० च्या दशकात अल्बर्टाच्या मातीतून पेनिसिलियमची एक जात सापडली आणि पुढे ती गव्हासाठी बाजारात आली. आपल्या न्यू साउथ वेल्समध्येही गव्हाच्या मुळांपाशी एक नवी जात मिळाली, १९९८ मध्ये तिचं पेनिसिलियम रॅडिकम असं नामकरण झालं, आणि तिचंही खत निघालं.

मग शेतात काय झालं? कुठे फायदा दिसला, कुठे काहीच नाही. रॅडिकमच्या बाबतीत तर गहू वाढला तरी ते श्रेय फॉस्फेटचंच असं ठामपणे म्हणता आलं नाही. बुरशी मुळांना इतर मार्गांनीही चालना देत असावी. बशीत जे होतं ते शेतात का होत नाही, याचं एक छान उत्तर बडोद्यातून आलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये बशीतल्या जेलीला विम्लधर्मी काळ्या मातीसारखं आम्ल शोषणारं केलं. बशीत शेर असलेले जीव तिथे ढेर झाले! काळ्या जमिनीतली चुनखडी आम्ल सुटल्या सुटल्या पिऊन टाकते, खनिजापर्यंत ते पोचतच नाही. दुसरं कारण अन्नाचं. बशीत भरपूर साखर असते, म्हणून बुरशी आम्लाची उधळण करते. शेतात तिला साखर कोण देणार? आणि तिसरं म्हणजे सुटलेलं फॉस्फेट आधी ती स्वतः खाते. ती मेली किंवा मातीतल्या बारीक किड्यांनी तिला खाल्लं, की मग ते झाडाच्या वाट्याला येतं. शिवाय बशीतलं कॅल्शियम फॉस्फेट मऊ, सहज सुटणारं. लोहात अडकलेल्या फॉस्फेटपुढे त्याची परीक्षा म्हणजे पहिलीचा पेपर.

आमचं मत विचाराल तर पाकीट वाईट नाही, पण पाकिटावर भरवसा ठेवून खताचा हिशेब निम्मा करणं धोक्याचं. त्याच पैशात सेंद्रिय पदार्थ घातला तर मातीत आधीपासून असलेल्या बुरश्यांनाच खाऊ मिळतो.

हे सगळं करायचं कशाला, खत तर दुकानात मिळतं, असं वाटेल. त्यासाठी सिडनीतल्याच एका कचेरीची गोष्ट. १८९९ मध्ये पॅसिफिक बेटांवर व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या इथल्या ऑफिसात दाराला अडसर म्हणून एक दगड ठेवलेला असे. नाउरू बेटावरून आणलेला. अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने तो तपासला, तर तो उत्तम प्रतीचा फॉस्फेटचा दगड निघाला. १९०७ च्या सुमारास नाउरूत खाणकाम सुरू झालं आणि पुढची कित्येक दशकं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची कुरणं त्या बेटाच्या मातीवर हिरवी झाली. बेटाचा मधला बहुतेक भाग खरवडून निघाला, सुळके तेवढे उरले. स्वतंत्र नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९३ मध्ये तडजोड झाली आणि ऑस्ट्रेलियाने दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई कबूल केली. आज जगातल्या फॉस्फेटच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. भारताकडे उदयपूरजवळ झामरकोट्र्यासारख्या खाणी आहेत, पण गरजेचा फार मोठा भाग बाहेरून येतो. म्हणून जमिनीत अडकलेलं स्फुरद सोडवणं हा फक्त बागेचा छंद नाही.

उलट्या बाजूचंही ऐका. मातीसकट वाहून गेलेलं स्फुरद नदीत शेवाळ माजवतं. १९९१ मध्ये डार्लिंग नदीवर हजार किलोमीटर लांबीचा विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाचा पट्टा पसरला होता. आपल्या परसातलं पाणी गिरावीन क्रीककडे जातं आणि पुढे पॅरामॅटा नदीत, हे खत टाकताना ध्यानात असू द्या.

आता परसातलं थोडं व्यवहाराचं. ज्यांचे वाफे चार-पाच वर्षं जुने आहेत आणि दर हंगामात कोंबडीखताच्या गोळ्या पडतात, त्यांच्या मातीत बहुधा स्फुरद कमी नसून जास्तच असतं. आधी माती तपासून घ्या. प्रयोगशाळा माती कशात ढवळतात माहीत आहे? खायच्या सोड्याच्या पाण्यात! भारतात काळ्या मातीसाठी ओल्सनची पद्धत वापरतात, इथे १९६३ ची कोलवेलची. दोन्हींत सोडा तोच, पण कोलवेलमध्ये माती खूप जास्त वेळ आणि जास्त पाण्यात ढवळतात, म्हणून आकडा मोठा येतो. तिकडच्या जमीन आरोग्यपत्रिकेतला आकडा इकडच्या रिपोर्टशी ताडून पाहू नका. आकडा भरपूर आला तर स्फुरद बंद ठेवा. स्फुरद जास्त असलं की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं आणि भागीदारी मोडते.

सप्टेंबरात लावलेल्या टोमॅटोची पानं खालून जांभळी दिसली तर लगेच खत आणायला पळू नका. माती गार असते, मुळं आणि बुरशी दोन्ही आळसावलेली असतात. ऊन वाढलं की बहुतेक रोपं आपोआप सुधारतात. माती दर वेळी खोल उकरू नका, तंतू तुटतात. वाफा कधी पूर्ण रिकामा ठेवू नका. मेथी किंवा चवळी, काहीतरी जिवंत मूळ असू द्या. वर वाळलेला पाला, गवताचं आच्छादन घाला. रॉक फॉस्फेट वापरायचंच असेल तर ते आपल्या इथल्या आंबट मातीत कंपोस्टमध्ये मुरवून घालता येईल, हळूहळू लागू पडतं. विम्लधर्मी काळ्या रानात मात्र ते दगडासारखंच पडून राहील.

दोन गोष्टी कळकळीने. भारतातून येताना जैविक खताचं पाकीट, गावची माती, शेणी, गोवऱ्या, रोपं यातलं काहीही सामानात आणू नका. ऑस्ट्रेलियाचा जैवसुरक्षा कायदा कडक आहे. न सांगता आणलेलं सापडलं तर दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. आईने प्रेमाने डब्यात माती बांधून दिली असेल तरी विमानातल्या कार्डावर ती जाहीर करा आणि विमानतळावर सोडून द्या. आणि पॉटिंग मिक्सची पिशवी उघडताना मास्क व हातमोजे घाला, माती ओली करून घ्या. पिशवीवर तसा इशारा छापलेला असतो. त्या मिश्रणात लिजनेला नावाचा जिवाणू असू शकतो आणि त्याने न्यूमोनिया होतो. घरातल्या आजीआजोबांना तर ती पिशवी उघडूच देऊ नका.

मुलांसाठी एक प्रयोग. जेवणात कोंबडी असेल तर एक बारीक हाड स्वच्छ धुऊन लिंबूसत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात आठवडाभर ठेवा, मधून पाणी बदला. हाड रबरासारखं वाकायला लागेल, कारण त्यातलं कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात गेलं. शाकाहारी घरांनी शेजाऱ्यांकडून हाड मागून घ्यावं, किंवा मुलांचा पडलेला दुधाचा दात वापरावा. आजी परवानगी देतील तर! ते उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका, आंबट असतं. आणि शरद ऋतूतल्या पावसानंतर गिरावीन पार्कात निलगिरीखाली छत्र्या उगवतील, तेव्हा मुलांना त्या जरूर दाखवा. खाली मातीत पसरलेल्या जाळ्याचं ते फळ. तोडू नका, आणि खाऊ तर मुळीच नका.